विमान यांत्रिक शिकाऊ उमेदवारी

विमान यांत्रिक शिकाऊ उमेदवारी म्हणजे विमानांची बांधणी, दुरुस्ती वा देखभाल करणाऱ्या आस्थापनेत ठरावीक मुदतीसाठी, करारान्वये आणि विद्यावेतन घेऊन केलेले प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण होय. भारतात असे प्रशिक्षण शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ या केंद्रीय कायद्याखाली दिले जाते. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील ओझर हे आहे. तेथील हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) आणि भारतीय वायुसेनेचा ११ बेस रिपेअर डेपो या दोन आस्थापनांमध्ये राज्यभरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून (आयटीआय) उत्तीर्ण झालेले तरुण येतात. विमानतळ किंवा विमान उद्योग नसलेल्या परभणीसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी भरमसाट शुल्क न भरता विमानाच्या कामापर्यंत पोहोचण्याचा हा जवळजवळ एकमेव मार्ग आहे. मात्र या प्रशिक्षणानंतर मिळणारे प्रमाणपत्र आणि नागरी विमान उड्डाणास योग्य असल्याची सही करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संज्ञा

मराठीत विमानाशी संबंधित तांत्रिक कामगारास सरसकट ‘विमान मेकॅनिक’ म्हटले जाते. व्यवहारात त्याचे किमान तीन स्तर आहेत. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. विमान तंत्रज्ञ हा प्रत्यक्ष हाताने काम करतो, पण त्याचे काम दुसऱ्याने तपासून मान्य करावे लागते. विमान देखभाल अभियंता हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) परवानाधारक असतो आणि त्याच्या सहीने नागरी विमान पुन्हा सेवेत जाते. ‘अभियंता’ हा शब्द येथे पदवीचा निदर्शक नाही. अभियांत्रिकीची पदवी नसलेले अनेक परवानाधारक आहेत आणि पदवी असूनही परवाना नसलेले त्याहून अधिक. जाहिरातींमध्ये हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात असल्याने पालकांचा गोंधळ होतो.

कायदेशीर चौकट

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला. आरंभी त्याची व्याप्ती कारागिरी व्यवसायांपुरती होती. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक, तर १९८६ च्या दुरुस्तीने व्यवसाय शिक्षण घेतलेले विद्यार्थी त्यात आले. २०१४ मध्ये कायद्यात मोठे फेरबदल झाले. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी कामगार धरून, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

उमेदवार व आस्थापना यांच्यात लेखी करार होतो. उमेदवार अज्ञान असल्यास पालक सही करतो. किमान वय १४ वर्षे असून धोकादायक उद्योगांत ते १८ आहे. आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे मूलभूत प्रशिक्षण आधीच झालेले असल्याने त्यास थेट कार्यशाळेत घेतले जाते आणि उमेदवारीचा काळ साधारणपणे एक वर्षाचा असतो.

अधिनियमाच्या १८ व्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसल्याने त्यास कामगार कायदे लागू होत नाहीत. परंतु कारखाना कायद्यातील आरोग्य, सुरक्षितता व कल्याणविषयक तरतुदींचे संरक्षण त्यास आहे आणि प्रशिक्षणादरम्यान अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते.

विद्यावेतन

२०१९ च्या नियमांनी किमान मासिक विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार ठरविले. दहावी उत्तीर्णांस ६,००० रुपये, आयटीआय प्रमाणपत्रधारकास ७,००० रुपये, पदविकाधारकास ८,००० रुपये आणि पदवीधरास ९,००० रुपये असे हे दर होते. एकाहून अधिक वर्षांच्या उमेदवारीत दुसऱ्या वर्षी दहा व तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढीची तरतूद आहे. आस्थापनेस यापेक्षा अधिक देण्याची मुभा असते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ५,००० ते ९,००० रुपयांची ही श्रेणी ६,८०० ते १२,३०० रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली.

या रकमेचा एक भाग केंद्र सरकार उचलते. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, इतका वाटा सरकारचा असतो. विद्यावेतन हे उदरनिर्वाहाचे वेतन नव्हे, हे कायद्याच्या रचनेतच गृहीत आहे. घरी राहून उमेदवारी करणाऱ्याला ते पुरते. साडेतीनशे किलोमीटरवर खोली घेऊन राहणाऱ्याचे गणित वेगळे असते. कायद्याने ठरवलेला किमान दर मात्र दोघांसाठी सारखाच आहे.

ओझर

नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई–आग्रा महामार्गालगत निफाड तालुक्यातील ओझर येथे विमान कारखाना उभा राहिला तो मिग-२१ या सोव्हिएत लढाऊ विमानाच्या परवानाधारित उत्पादनासाठी. या उत्पादनासाठी १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि विद्युत् उपकरणे हैदराबादला अशी विभागणी ठरली. त्या काळी संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण हे १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिक मतदारसंघातूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ही कंपनी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन होऊन आजची एचएएल अस्तित्वात आली. बंगळूरचा तो कारखाना सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये सुरू केला होता.

मिग-२१ नंतर ओझरला मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० एमकेआय या विमानांची बांधणी झाली. दोनशेहून अधिक सुखोई येथून बाहेर पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी बारा विमानांची मागणी नोंदवली गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ वायुसेनेतून निवृत्त झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझर येथे बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले आणि तेजस व एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या नव्या उत्पादन साखळ्यांचे उद्घाटन झाले. शिकाऊ उमेदवाराच्या दृष्टीने या घटनाक्रमाला महत्त्व आहे, कारण कारखान्यात किती हातांना काम मिळेल हे अखेर मागणीवर ठरते.

एचएएलचा नाशिक विभाग आयटीआय उत्तीर्णांसाठी वेळोवेळी शिकाऊ उमेदवारीची जाहिरात काढतो. त्यातील बहुतांश जागा ‘विमान’ हा शब्दही नसलेल्या व्यवसायांच्या असतात: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, वेल्डर, सुतार, पेंटर इत्यादी. विमानाच्या कामासाठी विमानाचाच अभ्यासक्रम केला पाहिजे हा समज त्यामुळे निराधार ठरतो. तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पूर्ण केलेला विद्यार्थी येथे पात्र असतो.

ओझरच्याच वायुसेना तळावरील ११ बेस रिपेअर डेपो हा वायुसेनेच्या नागपूरस्थित देखभाल कमानीखाली येतो व तेथे लढाऊ विमानांचे ओव्हरहॉल होते. डेपोशी संलग्न वायुसेना शिकाऊ प्रशिक्षण शाळेत लेखी परीक्षेद्वारे प्रवेश दिला जातो. मशिनिस्ट, शीट मेटल, वेल्डर, सुतार यांबरोबरच विमान इलेक्ट्रिशियन आणि विमानाचा रेडिओ-रडार मेकॅनिक असे खास व्यवसायही तेथे आहेत. हे उमेदवार नागरी प्रशिक्षणार्थी असतात. त्यांची वायुसैनिक म्हणून भरती होत नाही.

अन्य केंद्रे

नागपूरच्या मिहान प्रकल्पातील विमान देखभाल केंद्र बोइंग कंपनीने एअर इंडियाच्या विमान खरेदीच्या बदल्यात उभारून दिले व ते २०१५ मध्ये सुरू झाले. ते चालविणारी एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली तेव्हाही सरकारकडेच राहिली. मिहानमध्येच बोइंग ७८७ च्या मजल्याच्या तुळया तयार करणारा टाटा समूहाचा कारखाना आणि फाल्कन विमानांचे भाग बनविणारा दसॉल्ट-रिलायन्स कारखाना आहे. दसॉल्टच्या पुढाकाराने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये ‘एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. गोव्यात दाबोळी येथील नौदलाचे विमान दुरुस्ती यार्ड कारवारच्या जहाज दुरुस्ती यार्डासह शिकाऊ उमेदवार घेते.

प्रशिक्षणाचे स्वरूप

आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण व्हाइसमध्ये धरलेल्या लोखंडी तुकड्यावर कानस चालवण्यापासून सुरू होते. तुकड्याच्या कडा काटकोनात आणण्यासाठी विद्यार्थी कित्येक दिवस घालवतो आणि पुष्कळांना ते निरर्थक वाटते. विमानाच्या कार्यशाळेत त्याचा अर्थ कळतो. तेथे पोलादाऐवजी ॲल्युमिनिअमचे मिश्रधातू हाताळावे लागतात. पत्रा पातळ व मऊ असतो, आणि त्यावर निष्काळजीपणे उमटलेला एक ओरखडा पुढे भेगेचा आरंभ ठरू शकतो. उड्डाणाच्या प्रत्येक फेरीत सांगाड्यावरचा ताण वाढतो व उतरतो. या पुनरावृत्तीने धातू थकतो आणि भेग नेमकी अशाच ओरखड्यापासून किंवा खरबरीत छिद्राच्या काठापासून वाढते. म्हणून छिद्र पाडल्यावर त्याच्या कडेची कोर काढून टाकणे हे येथे नीटनेटकेपणाचे नव्हे, सुरक्षिततेचे काम मानले जाते.

रिव्हेट मारणे हे या कामाचे पहिले मोठे कौशल्य आहे. ते बहुधा दोघांचे काम असते: एक जण हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने रिव्हेटच्या डोक्यावर आघात करतो, दुसरा पत्र्याच्या मागून पोलादी ठोकळा धरतो. ठोकळा तिरपा झाला तर रिव्हेटची शेपूट वाकडी बसते. मग ती रिव्हेट छिद्र मोठे न होऊ देता ड्रिलने काढून दुसरी बसवावी लागते. दोघांमध्ये शब्दांऐवजी ठोक्यांच्या खुणा चालतात, कारण आवाजात बोलणे ऐकू येत नाही.

बोल्ट आवळण्याचेही माप असते. टॉर्क रेंचवर ठरलेला आकडा आला की थांबायचे; ‘अजून थोडे घट्ट’ ही गॅरेजमधली सवय येथे दोष ठरते. कंपनाने बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातील छिद्रातून लॉकवायर ओवून ती पिळली जाते. तारेचा ताण बोल्टला आवळण्याच्या दिशेनेच असला पाहिजे. उलट दिशेने बांधलेली तार दिसायला तशीच दिसते आणि काहीच उपयोगाची नसते.

ओव्हरहॉलसाठी आलेले विमान ठरलेल्या क्रमाने सुटे केले जाते, रंग काढला जातो आणि भागांतील भेगा शोधल्या जातात. पृष्ठभागावरील भेगांसाठी रंगद्रव मुरवून तपासणी करतात, तर धातूच्या आतील दोषांसाठी विद्युत्‌चुंबकीय वा ध्वनिलहरींवर आधारित पद्धती वापरतात. शिकाऊ उमेदवारास या तपासण्या स्वतंत्रपणे करता येत नाहीत, पण भाग स्वच्छ करणे, क्रमांक लावणे, मांडणी करणे यातून तो विमानाची रचना शिकतो.

हत्यारांचा हिशेब ही या क्षेत्राची स्वतंत्र शिस्त आहे. प्रत्येक हत्याराची जागा फलकावर त्याच्याच आकाराने आखलेली असते. पाळी संपताना एखादी जागा रिकामी दिसली तर हत्यार सापडेपर्यंत विमान पुढे जात नाही. इंजिनात शोषला गेलेला एक नट पात्यांचा चुराडा करू शकतो किंवा नियंत्रण दांड्याजवळ राहिलेला पाना उड्डाणात ती दांडी अडकवू शकतो, हे त्यामागील कारण. हत्यार हरवल्याचे ताबडतोब सांगणाऱ्यास दोष न देण्याची पद्धत चांगल्या कार्यशाळा पाळतात. शिक्षेच्या भीतीने लपवलेले हत्यार हे हरवलेल्या हत्यारापेक्षा अधिक धोकादायक असते.

भाषेचा प्रश्न

आयटीआयची व्यवसाय-सिद्धान्ताची पुस्तके मराठीत उपलब्ध आहेत आणि शिकवणेही बहुतेक मराठीतून होते. विमानाच्या देखभाल पुस्तिका मात्र इंग्रजीत असतात आणि तंत्रज्ञाने आठवणीवर विसंबून न राहता पुस्तिका उघडून तिच्यातील पायऱ्यांप्रमाणेच काम करावे असा नियम आहे. या पुस्तिकांचे इंग्रजी साहित्यिक नसते. जगभरातील इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तंत्रज्ञांसाठी विमान उद्योगाने १९८० च्या दशकात एक ‘सुलभ तांत्रिक इंग्रजी’ घडवले. त्यात शब्दसंग्रह मर्यादित, वाक्ये आखूड आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ असतो. मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराला ते काही महिन्यांत आवाक्यात येऊ शकते. बोलण्याच्या इंग्रजीचा न्यूनगंड येथे अनाठायी आहे.

प्रमाणपत्र आणि परवाना

उमेदवारीच्या अखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते व उत्तीर्णांस राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. ते देशभर मान्य असून सार्वजनिक क्षेत्रातील तंत्रज्ञ वा ऑपरेटर पदांच्या भरतीत उपयोगी पडते. नागरी विमानावर सही करण्याचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही.

तो अधिकार डीजीसीएच्या परवान्याने मिळतो. त्याचे प्रमुख वर्ग असे: मर्यादित व साध्या कामांसाठी ‘ए’, सांगाडा व इंजिनासाठी ‘बी१’, विद्युत् व इलेक्ट्रॉनिक प्रणालींसाठी ‘बी२’ आणि हँगरमधील मोठ्या देखभालीनंतर संपूर्ण विमान मोकळे करण्यासाठी ‘सी’. परवान्यासाठी गणित, भौतिकशास्त्र, साहित्य व हत्यारे, देखभाल पद्धती, वायुगतिशास्त्र, मानवी घटक, विमान कायदा अशा विषयांच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव दोन्ही लागतात. कोणतेही संबंधित पूर्वप्रशिक्षण नसल्यास बी१.१ (टर्बाइन इंजिनाची विमाने) किंवा बी२ साठी पाच वर्षांचा अनुभव आवश्यक असतो; मान्यताप्राप्त संस्थेचा मूळ अभ्यासक्रम पूर्ण केल्यास तो दोन वर्षांवर येतो. लष्करी विमानांवरील अनुभव काही अंशी धरला जाऊ शकतो, पण त्याच्या जोडीला नागरी विमानांवरील अनुभव दाखवावा लागतो. कारखान्यात नवे विमान बांधण्याचा अनुभव आणि उडत्या विमानाच्या देखभालीचा अनुभव हेही एक नव्हेत.

खरी अडचण त्याआधीच येते. परवान्याच्या परीक्षांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांसह बारावी किंवा अभियांत्रिकीची पदविका अशी पात्रता लागते. दहावीनंतर थेट आयटीआयला गेलेला विद्यार्थी, त्याचे हात कितीही तयार असले तरी, या दारापाशी थांबतो. त्यासाठी उपलब्ध वाट अशी आहे: दोन वर्षांच्या आयटीआयनंतर महाराष्ट्रात तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. पदविका झाल्यावर परवान्याच्या परीक्षांचा मार्ग मोकळा होतो आणि पदविकाधारक म्हणून पुन्हा, अधिक विद्यावेतनावर, शिकाऊ उमेदवारीही करता येते. वाट लांब आहे, पण तिच्यातील बराच काळ शासकीय संस्थांत जातो.

अमेरिकेत ही दरी कमी आहे. तेथे मान्य शाळेत न जाताही सांगाडा व इंजिन या दोन्हींवरील तीस महिन्यांच्या प्रत्यक्ष कामाच्या आधारे परीक्षेला बसता येते. जर्मनीत विमान यांत्रिकाचे साडेतीन वर्षांचे सवेतन प्रशिक्षण कारखाना व व्यवसाय शाळा मिळून देतात. भारतात कारागिरीचे प्रशिक्षण कौशल्य विकास मंत्रालयाकडे आणि परवाना नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. एकाच कामाच्या या दोन टोकांना जोडणारा सरळ पूल नाही.

परभणी जिल्ह्याची स्थिती

परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा हे नऊ तालुके आहेत. कापूस, सोयाबीन व ज्वारीवर अवलंबून असलेल्या या जिल्ह्यात मोठे यंत्रोद्योग नसल्याने आयटीआय उत्तीर्णांना उमेदवारीसाठी प्रामुख्याने एसटी महामंडळाच्या कार्यशाळा, महावितरण आणि काही लहान कारखाने उरतात. जिल्ह्यात विमानतळ नाही. सर्वांत जवळचा विमानतळ शेजारच्या नांदेडला आहे.

ओझरला जाण्यासाठी परभणीहून मनमाडमार्गे नाशिक रोड गाठावे लागते. नांदेड–मुंबई तपोवन एक्स्प्रेस याच मार्गाने धावते. अंतरापेक्षा राहण्याचा खर्च हा निर्णायक प्रश्न असतो. घरी राहून एसटीच्या कार्यशाळेत केलेली उमेदवारी हातात काही शिल्लक ठेवते, तर ओझरची उमेदवारी बहुधा घरून पैसे मागवायला लावते. शेतीचे वर्ष वाईट गेलेल्या कुटुंबात हा हिशेब आधी मांडला जातो. दुसऱ्या बाजूला, विमान आस्थापनेत केलेल्या एका वर्षाची नोंद पुढे संरक्षण उत्पादन, अचूक यंत्रकाम आणि विमान देखभाल या तिन्ही क्षेत्रांत विचारात घेतली जाते.

खासगी संस्थांच्या ‘एव्हिएशन’ अभ्यासक्रमांच्या जाहिराती मराठवाड्यातील शहरांतही दिसतात. त्यांतील काही अभ्यासक्रम विमानतळावरील प्रवासी सेवा किंवा मालहाताळणीचे असतात आणि त्यांचा विमान दुरुस्तीशी संबंध नसतो. विमान देखभालीचा अभ्यासक्रम डीजीसीएच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी पाहता येते. शिकाऊ उमेदवारीसाठी आस्थापनेला शुल्क द्यावे लागत नाही, त्यामुळे उमेदवारीची जागा मिळवून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाचा या योजनेशी अधिकृत संबंध नसतो.

उमेदवारीनंतर

अधिनियमाच्या २२ व्या कलमानुसार उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन आस्थापनेवर नाही. शिकाऊ उमेदवारांच्या भरतीबाबतचे स्वतःचे धोरण तिने ठरवावे, एवढीच अपेक्षा २०१४ च्या दुरुस्तीत आहे. जानेवारी १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अन्य बाबी समान असल्यास थेट भरतीत प्रशिक्षित शिकाऊ उमेदवारांना प्राधान्य द्यावे असे म्हटले, मात्र नोकरीचा हक्क मान्य केला नाही. रेल्वेने आपल्या आस्थापनांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी प्रथम स्तरावरील पदांत वीस टक्के जागा ठेवल्या आहेत. एचएएलच्या नाशिक विभागात अलीकडे तंत्रज्ञ व ऑपरेटरांची भरती ठरावीक मुदतीच्या पदांवरही होते. ओझर परिसरात विमानांचे सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांमध्ये प्रशिक्षित फिटर व मशिनिस्ट यांना काम मिळते. काही जण पुणे व छत्रपती संभाजीनगर येथील वाहन उद्योगाकडे वळतात, जेथे अचूक मापाची सवय असलेल्या हातांना मागणी असते.